दाखला, दवाखाना, दिल्ली

२६ एप्रिल २०१९ या दिवशी वाराणसीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नरेंद्र मोदींची उमेदवारी दाखल झाली. एका उमेदवाराला एका मतदारसंघात जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला प्रत्येक अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. मोदींच्या चार सूचकांपैकी एक होते जगदीश चौधरी, काशीचे डोम राजा. मणिकर्णिका घाटावर चितेला लावायचा अग्नी कुणी घरून काडेपेटी आणून पेटवत नाही. डोमांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या विस्तवातून तो मागून घ्यावा लागतो, आणि त्या विस्तवाचा मान चौधरींच्या घराण्याकडे आहे. ज्यांच्याकडून अग्नी घेतल्याशिवाय काशीत गती नाही, त्यांच्याच हातचं पाणी शतकानुशतकं कुणाला चालत नव्हतं. त्या घरातल्या माणसाची सही देशाच्या पंतप्रधानाच्या अर्जावर पडली.

मणिकर्णिका मराठी माणसाला परकी नाही. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी हा घाट बांधून काढला. शेजारच्या शिंदे घाटाशी बायजाबाई शिंद्यांचं नाव जोडलेलं आहे. डोम समाज उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींत येतो, पण वाराणसीची लोकसभेची जागा खुली आहे. त्यामुळे घाटावरून राष्ट्रीय राजकारणात शिरायचं जे दार त्या दिवशी उघडलं ते सूचकाच्या सहीपुरतं. चौधरी ऑगस्ट २०२० मध्ये वारले आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

त्यांच्या सहीनंतर तिसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, महाराष्ट्रात नंदुरबार, दिंडोरी आणि पालघर या मतदारसंघांत मतदान झालं. तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. नंदुरबारमधून डॉ. हीना गावित दुसऱ्यांदा निवडून आल्या, दिंडोरीतून डॉ. भारती पवार पहिल्यांदा. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, पालघरमधून अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. हेमंत सवरा लोकसभेत गेले. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी जमातींसाठी राखीव फक्त चार: ही तीन आणि चौथी गडचिरोली-चिमूर. चारपैकी तीन मतदारसंघांनी दहा वर्षांच्या आत रुग्ण तपासणारा डॉक्टर दिल्लीला पाठवला. ही यादी समोर ठेवली की थक्क व्हायला होतं. वकील, शेतकरी, शिक्षक, संघटनेचा कार्यकर्ता हे आपल्या राजकारणाचे नेहमीचे पेशे. डोंगरातल्या राखीव जागांवर स्टेथोस्कोप कुठून आला?

असाच प्रश्न तिकडे पूर्वेलाही पडतो. २०१४ मध्ये पश्चिम बंगालच्या झारग्राम या राखीव मतदारसंघातून डॉ. उमा सरेन तृणमूल काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आल्या. त्या संथाळ. १८५५ च्या ३० जूनला भोगनाडीह गावात सिदो आणि कान्हू मुर्मूंनी ज्यांना इंग्रज आणि सावकारांविरुद्ध उठवलं, तो हा समाज. १९२५ मध्ये पंडित रघुनाथ मुर्मूंनी ज्यांच्या भाषेसाठी ओल चिकी लिपी घडवली, तोही हाच. २०११ च्या जनगणनेत संथाळी बोलणारे सुमारे ७३ लाख होते, आणि २०२२ पासून देशाच्या राष्ट्रपतिपदावर द्रौपदी मुर्मू आहेत, त्याही संथाळ. उमा सरेन राजकारणात नवख्या होत्या. त्यांनी हरवलं ते विद्यमान मार्क्सवादी खासदार पुलिनबिहारी बास्के यांना. आज त्याच जागेवर संथाळी नाटककार कालिपद सोरेन आहेत. दहा वर्षांत डॉक्टरही झाला, नाटककारही झाला. मला हा मतदारसंघ फार आवडतो.

आता गंमत पाहा. उमा सरेन यांनी उद्या ठरवलं की आपण नंदुरबारमधून लोकसभेला उभं राहायचं, तर कायदा त्यांना अडवणार नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं चौथं कलम सांगतं की लोकसभेच्या जमाती-राखीव जागेवर त्या राज्यातल्या किंवा दुसऱ्या कोणत्याही राज्यातल्या अनुसूचित जमातीची व्यक्ती उभी राहू शकते. आसामच्या स्वायत्त जिल्ह्यांसारखे काही अपवाद सोडले तर देशात कुठेही मतदार म्हणून नाव असलं की झालं. पण त्यांना अक्कलकुव्याची विधानसभा लढवायची असेल तर मात्र नाही, तिथे महाराष्ट्राच्याच यादीतली जमात लागते, आणि महाराष्ट्राच्या यादीत संथाळ नाहीत. त्यांच्या नात्यातलं एखादं मूल नंदुरबारला राहायला आलं आणि त्याला महाराष्ट्रातल्या जमातीच्या कोट्यातून एमबीबीएसला जायचं असेल तर तेही नाही. म्हणजे परराज्यातून आलेल्या आदिवासीसाठी लोकसभेचं दार वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारापेक्षा रुंद आहे!

याचं मूळ असं की अनुसूचित जमातींची एकच अखिल भारतीय यादी नाही. राष्ट्रपतींनी ६ सप्टेंबर १९५० ला आदेश काढला तो राज्याराज्याप्रमाणे. संथाळ झारखंड, बंगाल, ओडिशा, बिहारमध्ये अनुसूचित जमात आहेत. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी चहाच्या मळ्यांवर आसामात नेलेले संथाळ मात्र तिथल्या यादीत नाहीत. वाराणसीचं उदाहरण तर याहून विलक्षण आहे. २००२ च्या कायद्याने उत्तर प्रदेशातल्या गोंडांना जमातीचा दर्जा मिळाला, पण काही जिल्ह्यांपुरता, आणि त्या जिल्ह्यांत वाराणसीचं नाव आहे. चंदौली जिल्हा वाराणसीतून १९९७ मध्येच वेगळा झालेला होता आणि त्याचं नाव यादीत नव्हतं. गंगा ओलांडून थोडं पुढे गेलं की गोंड माणसाची घटनेतली ओळख बदलायची. ती दुरुस्त करायला २०२२ मध्ये संसदेला पुन्हा कायदा करावा लागला. महाराष्ट्रात अशी जिल्ह्यातालुक्यांची कुंपणं १९७६ च्या कायद्याने निघाली.

वैद्यकीय जागेचं दार इतकं अरुंद कसं झालं, त्याची गोष्ट मुंबईत घडली. आंध्रातल्या एका जमातीचं कुटुंब नोकरीसाठी मुंबईत आलं. मुलाने मुंबईत जमातीच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश मागितला, तो नाकारला गेला, आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे केईएमच्या, अधिष्ठात्यांविरुद्धचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेलं. १९९० मध्ये निकाल लागला: जमात ही त्या राज्याच्या संदर्भात जमात असते, राज्य सोडलं की ती सवलत सोबत येत नाही. काशी हिंदू विद्यापीठासारख्या केंद्रीय संस्थेत मात्र साडेसात टक्के जागा कोणत्याही राज्याच्या यादीतल्या जमातींना खुल्या असतात. दुमक्याची संथाळ मुलगी वाराणसीत त्या कोट्यातून डॉक्टर होऊ शकते, परळमध्ये राज्याच्या कोट्यातून होऊ शकत नाही.

मी हे धागे सोडवत गेलो तसं एक सूत्र पुन्हा पुन्हा हाताला लागलं. आरक्षणाच्या कायद्यातली वळणं शोधायला गेलं की तिथे जवळजवळ दरवेळी वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेश सापडतो. १९५१ चा चंपकम दोराईराजन खटला मद्रासच्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी जागांच्या वाटपावरून झाला, आणि त्याच्या निकालामुळे पहिली घटनादुरुस्ती करून १५(४) हे कलम घालावं लागलं. शैक्षणिक आरक्षण आजही त्याच कलमावर उभं आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्रातल्या दोन बहिणींचं प्रकरण आलं. महादेव कोळी असल्याचा दावा, प्रवेश वैद्यकीय शाखेत. २००० मध्ये हलबा-कोष्टींचं प्रकरण आलं, तोही एमबीबीएसचा प्रवेश. हलबा-कोष्टी म्हणजे यादीतले हलबा नव्हेत असा निकाल झाला, पण तोवर विद्यार्थी डॉक्टर झालेला होता, त्याची पदवी न्यायालयाने काढून घेतली नाही. डॉक्टरकीची जागा दुर्मिळ आणि तिची किंमत सगळ्यांना कळते, म्हणून राज्यघटनेची खरी परीक्षा तिथे झाली असावी, असं मला वाटतं. पंचायतीत, नोकरीत, शिष्यवृत्तीत जे वाद धुमसत राहतात ते या एका जागेपाशी येऊन पेटतात.

१९९४ च्या त्या निकालाने महाराष्ट्रातल्या प्रत्येक आदिवासी विद्यार्थ्याचं आयुष्य बदललं. न्यायालयाने दाखले तपासायला समित्या नेमायला सांगितल्या, सोबत दक्षता पथक दिलं, आणि पथकाने घरी जाऊन काय पाहायचं तेही सांगितलं: कुलदैवत, विधी, चालीरीती, लग्नाची पद्धत, मृत्यूनंतरचे विधी, मृतदेह पुरण्याची रीत. मुलं याला नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. बारावीनंतरच्या उन्हाळ्यात आश्रमशाळेत शिकलेला मुलगा नीटच्या गुणांइतकीच व्हॅलिडिटीची काळजी करतो. त्याच्या आजीला पथकातला माणूस विचारतो, तुमच्यात माणूस गेला की काय करता? पुरता की जाळता? तोंड कुठल्या दिशेला? दिवस किती पाळता? दगड उभा करता का?

या प्रश्नांपाशी मला मणिकर्णिका आठवते. त्या घाटावर कोण आलं, कुठल्या जातीचं आलं, विस्तव एकच. उलट डोंगरातल्या प्रत्येक समाजाने आपल्या मेलेल्यांना निरोप द्यायची स्वतःची रीत जपली आहे. भामरागडचे माडिया गोंड मेलेल्यांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. संथाळ चिता देतात, पण राखेतून वेचलेली हाडं गंगेला नेत नाहीत. ती जातात दामोदर नदीत. हाडांना ते ‘जांग बाहा’ म्हणतात, म्हणजे हाडांची फुलं. पुरुलियात तेलकुपीचा घाट संथाळांसाठी तितकाच मोलाचा आहे जितका बाकीच्यांना काशीचा. १९५९ मध्ये पंचेत धरण झालं आणि तेलकुपीची जुनी देवळं पाण्याखाली गेली, तरी लोक त्या काठावर येतच राहिले. शतकांपूर्वीच्या कुणा संथाळाने किंवा माडियाने आपल्या बापाला निरोप देताना जे केलं, ते आज एका सरकारी फायलीत पुरावा म्हणून उतरतं आणि त्यावर ठरतं की त्याच्या वंशातली मुलगी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी विद्यार्थी म्हणून उभी राहणार की नाही.

रीतीभातींइतकाच जोर कागदावर. १९५० च्या आधीचा कागद सर्वांत भारी, कारण तेव्हा जमातीचं नाव लावून काही मिळणार नव्हतं, म्हणून खोटं लिहायचं कारण नव्हतं. हा कागद शोधायला घरचे तहसील कचेरीत जातात. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. विदर्भात कोतवाल बुकाची नक्कल. पिवळी पडलेली पानं, मोडी किंवा बाळबोध अक्षर, आडव्या रकान्यांत तारीख, नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. पणजोबा तापाने गेले किंवा पटकीने गेले, आणि जातीच्या रकान्यात कोतवालाने ‘भिल्ल’ किंवा ‘वारली’ असे दोन-तीन अक्षरांचे शब्द लिहिले. त्या माणसाला डॉक्टर दिसला नव्हता. त्याच्या मरणाची ती ओळ आता पणतीला डॉक्टर करते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की रीतीभातींची ही ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ एवढीच कसोटी धरता येणार नाही. शहरात वाढलेल्या मुलाला गावाकडचं दैवत सांगता आलं नाही म्हणून तो आदिवासी राहत नाही असं थोडंच आहे? निकाल उशिरा आला, पण आला याचा मला आनंद आहे.

डॉक्टरच का, हा प्रश्न अजून उरलाच आहे. त्याचं एक उत्तर परिसीमन कायद्यात दडलं आहे. अनुसूचित जातींच्या राखीव जागा राज्यभर पसरून ठेवायच्या असतात. जमातींच्या जागा मात्र जिथे त्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण सर्वाधिक तिथेच द्यायच्या असतात. म्हणून त्या सातपुड्यात, सह्याद्रीच्या उतारावर आणि गडचिरोलीच्या जंगलात आहेत. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ६९ टक्के लोक आदिवासी. दवाखाना सर्वांत दूर आहे तोही याच मुलखात. सपाटीवर तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असा दंडक आहे. आदिवासी आणि डोंगरी भागात तो वीस हजार आणि तीन हजार असा सैल केलेला आहे, कारण पाडे विखुरलेले आणि वाटा उभ्या चढाच्या. तरी अक्राणी-अक्कलकुव्यात अडलेल्या बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांना तरंगता दवाखाना लागतो. अशा मुलखात सरकारचा पहिला माणूस जो अंगाला हात लावतो तो डॉक्टर किंवा नर्सबाई. तलाठी कागदाला हात लावतो, वनरक्षक कुऱ्हाडीला.

आणि सिकलसेल आहे. रक्तातला तांबडा रंग ज्या प्रथिनात असतो त्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बस्स, एवढाच बदल. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि मूल हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडतं. हा बदल आईकडून किंवा बापाकडून, एकाच बाजूने आला तर माणूस ठणठणीत असतो, वर मलेरियापासून त्याचं बरंच रक्षण होतं. मलेरियाच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांत हा बदल टिकून राहिला तो यामुळे. तपासणी साधी: बोट टोचून घेतलेलं थोडं रक्त रसायनाच्या नळीत सोडायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्रव गढूळ होऊन रेघा बुजल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे, आणि नमुना पुढच्या तपासणीला जातो. दोघं वाहक एकमेकांशी लग्न करायला निघाले असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक एवढा धोका. हे जमलेल्या लग्नाच्या मांडवात जाऊन सांगायचं कुणी? बाहेरून आलेल्या डॉक्टरने मराठीत सांगितलं तर ते आमच्या रक्ताला नावं ठेवणं वाटतं. पावरीत, मावचीत, कोकणा जमातीच्या बोलीत, आपल्यातल्याच मुलीने सांगितलं तर ऐकून घेतलं जातं.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न न राहावा, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. त्या वेळी केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या डॉ. भारती पवार, कळवण तालुक्यातल्या. त्यांनी एमबीबीएस नाशिकला केलं, जिल्हा परिषदेत काम केलं, २०१४ मध्ये राष्ट्रवादीकडून दिंडोरीत हरल्या, २०१९ मध्ये भाजपकडून जिंकल्या आणि जुलै २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर लगेच, आरोग्य मंत्रालयात आल्या. ज्या मुलखात सिकलसेलची मुलं आहेत तिथली डॉक्टर त्या खात्यात बसलेली असताना हे अभियान निघालं. योगायोग असेल, पण असे योगायोग व्हावेत म्हणूनच राखीव जागा आहेत अशी माझी समजूत आहे.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगितली पाहिजे. तिन्ही डॉक्टर मंत्र्यांच्या घरातले. भारती पवार या माजी मंत्री ए. टी. पवार यांच्या सूनबाई, हीना गावित या डॉ. विजयकुमार गावितांच्या कन्या, हेमंत सवरा हे विष्णू सवरांचे चिरंजीव. स्टेथोस्कोपामुळे तिकीट मिळालं असं म्हणणं खरं होणार नाही. पण मंत्र्याच्या घरात मूल आमदार व्हायच्या आधी डॉक्टर व्हावं असं वाटणं, ही एका पिढीत झालेली उलथापालथ आहे. हीना गावित जे.जे.त शिकल्या आणि २०१४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नऊ वेळा खासदार राहिलेल्या माणिकराव गावितांना एक लाखाहून जास्त मतांनी हरवून आल्या. ज्यांचा पराभव होईल असं नंदुरबारात कुणी स्वप्नातही मानत नव्हतं, त्यांचा झाला.

घराणं नसलेल्यांची वाट वेगळीकडे गेलेली दिसते. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड भिल्ल समाजातले, आईने मोहाची दारू विकून वाढवलेले. ते एमबीबीएस झाले केईएममध्येच, ज्या महाविद्यालयाच्या दारात १९९० चा तो खटला उभा राहिला तिथे. पुढे ते आयएएस झाले, नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून आले, आणि २०२१ मध्ये इतर जिल्हे प्राणवायूसाठी धावपळ करत असताना नंदुरबारने आधीच प्रकल्प उभारलेले होते. त्यांनी मतं मागितली नाहीत. पाड्यातून निघालेल्या हुशार मुलाला स्पर्धा परीक्षेची वाट निवडणुकीपेक्षा जवळची वाटते. निवडणुकीला जो पैसा आणि जे मनुष्यबळ लागतं ते त्याच्याकडे नसतं.

राखीव जागेवर मतं सगळ्यांचीच असतात, हेही बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. नंदुरबार लोकसभेतले सहाच्या सहा विधानसभा मतदारसंघ जमातींसाठी राखीव आहेत. पालघरमध्ये सहापैकी चार. उरलेले वसई आणि नालासोपारा, लोकलने विरार गाठणाऱ्यांचे. हेमंत सवरा २०१९ मध्ये विक्रमगडची राखीव विधानसभा हरले होते आणि पाच वर्षांनी हा सगळा मिश्र मुलूख १ लाख ८३ हजार मतांनी जिंकले. दिंडोरीत तर सहापैकी दोनच राखीव, कळवण आणि दिंडोरी. बाकी निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, म्हणजे द्राक्षं आणि कांदा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मतदान झालं आणि भारती पवार यांचा पराभव करून भास्कर भगरे हे शिक्षक निवडून आले. आदिवासी डॉक्टरच्या खासदारकीचा निकाल लासलगावच्या बाजारभावाने लावला! त्याच निवडणुकीत नंदुरबारमध्ये हीना गावित वकील असलेल्या गोवाल पाडवींकडून हरल्या.

सभागृहात पोचल्यावर बोलायचं कुठल्या भाषेत, हा आणखी एक चढ. संथाळी २००३ मध्ये आठव्या परिशिष्टात आली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये राज्यसभेत सरोजिनी हेंब्रम संथाळीत बोलल्या, दुभाष्याच्या मदतीने, रघुनाथ मुर्मूंना भारतरत्न द्या म्हणून. आपल्याकडच्या भिली, पावरी, कोकणा जमातीची बोली, वारली, माडिया यांतली एकही परिशिष्टात नाही. ज्या भाषेत डॉक्टर पाड्यावर विचारतो की दुखतं कुठे, ती भाषा त्याला दिल्लीत खासदार म्हणून अजून सहजी वापरता येत नाही. मला ही उणीव फार बोचते. आजाराचं वर्णन माणूस आईच्या भाषेतच करतो, आणि प्रतिनिधित्व हे एका अर्थाने मुलखाच्या दुखण्याचं वर्णनच असतं.

२०२० मध्ये नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर जागांचं. २०२४ मध्ये गडचिरोलीलाही झालं. शंभरातल्या पंधरा जागा अखिल भारतीय कोट्याच्या, उरलेल्या पंच्याऐंशींत जमातींचे राज्याचे सात टक्के धरले तर ढोबळमानाने सहा. ६९ टक्के आदिवासी असलेल्या जिल्ह्यात सहा, आणि तेही राज्यभरातल्या गुणवत्ता यादीतून. हा आकडा वाढायला हवा असं माझं ठाम मत आहे. तरीही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अठराव्या वर्षी प्रवेश, साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, एक वर्ष सरकारी बंधपत्राची सेवा. मूल पंचविशीला येतं. लोकसभेला उभं राहायचं किमान वयही घटनेच्या ८४ व्या कलमाने पंचवीसच ठेवलं आहे. २०२० मध्ये नंदुरबारला प्रवेश घेतलेली मुलं २०२९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सत्तावीस वर्षांच्या आसपास असतील. आणि राखीव जागांना घटनेच्या ३३४ व्या कलमात दर दहा वर्षांनी मुदतवाढ द्यावी लागते. २०१९ च्या १०४ व्या दुरुस्तीने दिलेली मुदत २५ जानेवारी २०३० ला संपते. वेळापत्रक ठरल्याप्रमाणे चाललं तर २०२९ ची निवडणूक त्या मुदतीतली शेवटची असेल.